उद्यमनगरात बांधून घेतलेलं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर

जुनं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायच्या आधी एकदा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेऊन मोजून घ्या. दुरुस्त करून घ्या म्हणत नाही, मोजून घ्या म्हणतोय. दुरुस्ती कुठलाही मेस्त्री करून देतो. खोलायचं, डिझेलनं धुवायचं, बाजारातलं किट घालायचं, रंग मारायचा की झालं. तसलं बांधलेलं इंजिन एक ऊस काढतं आणि पुन्हा ऑईल मारायला लागतं. मला जो मेस्त्री भेटला तो पान्याच्या आधी मायक्रोमीटर हातात घेतो, म्हणून हे लिहायला बसलो.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक ट्रेड शिकवून निवृत्त झालो. त्यामुळं लिहिणं थोडं मास्तरी थाटाचं होणार, सांभाळून घ्या. शेती शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. इंजिन वडिलांनी घेतलेलं, एव्ही-वन मॉडेल. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात पंपाची शेड पत्र्यासकट पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर मोटर रिवाइंड करून आणली आणि इंजिन गोठ्यात ताडपत्रीखाली सरकवलं. ते आता बाहेर काढायचं कारण म्हणजे शेतीची वीज. कधी दिवसा, कधी रात्री, आणि नेमकी लावणीच्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मर जळालेला.

सेवेबद्दल बोलायच्या आधी इंजिनाबद्दल बोललंच पाहिजे, कारण ते मुळात पुन्हा पुन्हा खोलून बांधता यावं असंच काढलेलं आहे. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची, पुण्याच्या खडकीची. एव्ही-वन म्हणजे एक सिलिंडर, उभं, चार स्ट्रोकचं, पाण्यानं थंड होणारं. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ८० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव ११०, म्हणजे ५५३ सीसी. १५०० आरपीएमला पाच हॉर्सपॉवर, किलोवॅटमध्ये ३.७. कम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, साडेसोळाला एक. या एका आकड्याचा हिशेब मी वर्गात पोरांकडून फळ्यावर करून घ्यायचो. पिस्टन वर गेल्यावर सगळी हवा जेमतेम ३६ सीसीत कोंबली जाते. तेवढ्यानं ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही. डिकम्प्रेशन लिव्हर, म्हणजे व्हॉल्व उघडा धरून आतला दाब सोडणारी दांडी, उचलायची, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि लिव्हर सोडायची.

आमच्या भागातल्या गुऱ्हाळांवर आणि गिरण्यांवर पूर्वी लिस्टरच्या जातीची संथ इंजिनं असायची. मूळ लिस्टर सीएस इंग्लंडातल्या डर्स्ली गावचं, १९२९-३० पासूनचं. पुढं राजकोटला त्याच्या नकला भरपूर निघाल्या. त्यातलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन ६०० आरपीएमला चालायचं, पण त्याला जवळपास चौदाशे सीसीचा सिलिंडर लागायचा. त्याचा पिस्टन सेकंदाला सरासरी २.८ मीटर धावतो, एव्ही-वनचा साडेपाच मीटर. झीज कुणाची आधी होणार ते उघड आहे. त्या बदल्यात काय मिळालं? चार माणसं उचलून बैलगाडीत ठेवतील असं इंजिन मिळालं आणि १५०० आरपीएम असल्यानं पंप किंवा जनरेटर पट्ट्याशिवाय थेट जोडता आला. सौदा योग्यच होता. जुनी माणसं अजून लिस्टरच्या ठोक्याची आठवण काढून उसासे टाकतात. त्यांनी ते धूड एकदा एकट्यानं हलवून दाखवावं.

झीज होणार हे धरूनच खडकीवाल्यांनी लायनर वेगळा ठेवला. लायनर म्हणजे सिलिंडरची आतली बाही. तिच्या बाहेरून थेट पाणी फिरतं आणि खाली रबरी ओ-रिंगा असतात. खराब झाली की ओढून काढायची, नवी दाबून बसवायची, ब्लॉक तोच राहतो. हेडही वेगळं, व्हॉल्वचे गाइड वेगळे, कनेक्टिंग रॉडचे मेटल म्हणजे बेअरिंगही वेगळे. म्हणून चाळीस वर्षांचं इंजिनसुद्धा परत उभं राहू शकतं.

आता मेस्त्री. वर्कशॉप एका गाळ्याचं, बाहेर लेथवाल्यांच्या रांगा, मागच्या बाजूला फाउंड्री. नाव का देत नाही, तर त्यानंच हात जोडले. "सर, नाव-बिव छापू नका. हाय तेच काम उरकंना." उद्यमनगरात कुणालाही 'वहीवाला मेस्त्री' विचारा, दाखवतील. खरंच त्याच्याकडं वही आहे. प्रत्येक इंजिनाला एक पान, आणि पानावर मापं.

आमचं इंजिन गेलं तेव्हा पिस्टन जॅम होता. माझ्यासमोर शेजारच्या गाळ्यातला पोरगा मदतीला आला आणि फ्लायव्हीलला पहार घालायला निघाला. मेस्त्री त्याच्यावर ओरडला. हेड काढून पिस्टनच्या डोक्यावर डिझेल आणि ऑईल मिसळून ओतलं आणि तसंच सोडून दिलं. मुरल्यावर लाकडी ठोकळा ठेवून, वरून हलके ठोके देत पिस्टन सोडवला. गंजलेल्या लायनरमध्ये जोर लावला की रिंगा तुटतात, तुकडे भिंत फाडतात आणि रॉडही वाकतो. घाई न करणं हीसुद्धा या धंद्यात कलाच आहे.

मग डायल गेज लायनरमध्ये घातलं. हा भाग मी स्टूल ओढून बघत बसलो. गेज वरच्या टोकापासून अर्धा इंचावर धरलं, आडवं वाचलं, उभं वाचलं, मधे वाचलं, खाली वाचलं. वहीत वर ८०.२४, खाली ८०.०३ असं आलं. वरच जास्त का? तिथं स्फोटाचा दाब सगळ्यात जास्त, उष्णता सगळ्यात जास्त, आणि पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो तेव्हा ऑईलची पापडी तुटते. तिथं बोट फिरवलं तर कड लागते. त्यात पुराच्या पाण्यानं मधोमध गंजाचा पट्टा धरला होता, खड्डे नखाला लागत होते.

"ओव्हरसाईज बोअर मारून चाललं असतं," मी म्हटलं. म्हणजे हाच लायनर आतून कापून मोठा करायचा आणि मोठा पिस्टन घालायचा.

"झीज तेवढी निघंल सर, खड्डं न्हाई निघायचं. अर्ध्या मिलिमीटरचं बोअर मारून पण खाली खड्डा ऱ्हाईला तर तुमचं पैसं गेलं की. नवा लायनर घाला."

पटलं. पण नव्या लायनर-पिस्टनचं किट आणताना बाजारातला खरा प्रश्न समोर येतो. सारख्याच रंगाच्या खोक्यात तीन दर्जाचा माल मिळतो. एका दुकानातून आणलेल्या किटमधली वरची रिंग मेस्त्रीनं नव्या लायनरमध्ये बसवली, पिस्टननं सरळ ढकलली आणि फटीत फिलर गेज घातलं. एक मिलिमीटरचं पातं आरामात गेलं. ८० च्या बोअरला फट साधारण ०.३ ते ०.४ असावी. खोकं परत गेलं, दुसरीकडून कंपनीचं आणलं. ही तपासणी करायला दोन मिनिटं लागतात. निम्मे मेस्त्री ती करत नाहीत.

क्रँकची पिन, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिच्यावर बसतो तो भाग, अंडाकृती झाली होती. ती दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे पाव मिलिमीटर घासायला ग्राइंडिंगवाल्याकडं गेली. आली तशी मेस्त्रीनं माप नंतर घेतलं, आधी पिनच्या कोपऱ्यात नख फिरवलं. पिन जिथं वेबला, म्हणजे क्रँकच्या बाजूच्या पाकळीला, मिळते तिथं गोलाई लागते. ग्राइंडिंगवाल्यानं चाक कोपऱ्यापर्यंत चौकोनी नेलं तर माप बरोबर येतं, पण क्रँक तिथंच तडकते, तीही भर लोडवर. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं, पण गिऱ्हाईकासाठी कुणी तपासताना क्वचितच पाहिलं.

हेडचं काम नेहमीचंच. सीट कापल्या, व्हॉल्व पेस्ट लावून घासले, उलटं करून रॉकेल ओतून गळती बघितली. बंपिंग क्लिअरन्ससाठी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना तो आणि हेड यांच्यामधल्या फटीसाठी, पिस्टनवर शिशाची तार ठेवून हेड कसलं, परत काढून चेपलेली तार मोजली आणि पॅकिंग बदलून माप आणलं. याला लोक किरकोळ समजतात. गॅसकेट नुसती ०.३ मिलिमीटरनं जाड पडली तर वरच्या पोकळीत दीड सीसी वाढते आणि साडेसोळाचं कम्प्रेशन सोळाच्याही खाली येतं. मग थंडीत पहाटे हँडल मारून दंड भरून येतात आणि शिव्या डिझेलला बसतात.

फ्युएल पंपाचं एलिमेंट मात्र वाचलं नाही. प्लंजर आणि बॅरल ही जोडी एकमेकांत घासून मायक्रॉनांत बसवलेली असते. गाळाचं पाणी त्यात शिरलं की विषय संपला. नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारं तोंड, टेस्टरवर लावलं तर दोनशे बार दाबाच्या बरंच आधी थुंकायला लागलं. दोन्ही नवीन घातले. बिलात सगळ्यात जड ओळ याचीच आहे, आणि इथं काटकसर करू नये असं माझं मत.

टायमिंग लावताना मेस्त्रीनं मला मुद्दाम बोलावलं. पंपातला डिलिव्हरी व्हॉल्व काढला, वर बाकदार नळी लावली आणि फ्लायव्हील हातानं केसभर केसभर फिरवत गेला. नळीच्या तोंडाशी थेंब फुगतो, पडतो, दुसरा फुगतो. एका जागी थेंब फुगायचा थांबतो. तिथं प्लंजरनं भोक झाकलेलं असतं, म्हणजे फवारा तिथून सुरू होणार. पिस्टन वर पोचायच्या २३ अंश आधी ही खूण यायला हवी. आमची उशिरा येत होती. पंपाखालची एक पातळ शिम, म्हणजे पत्र्याची पट्टी, काढली, पुन्हा थेंब बघितले, खूण जुळली. शिम काढली की टायमिंग लवकर होतं आणि घातली की उशिरा, हे वर्गात पोरं कायम उलटं सांगायची.

तक्रारी आहेतच. 'आठ दिवसांत देतो' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ऊस हंगामात तर मुळीच नको. पाठपुरावा केल्याशिवाय इंजिन कोपऱ्यातून पुढं सरकत नाही आणि फोन उचलायची सवय त्याला नाही. बिल वहीच्या फाटक्या पानावर मिळालं. टॅपेट कव्हरमधून ऑईल पाझरत होतं, त्यासाठी परत माणूस बोलवावा लागला. तो आला, कुरकुर न करता पॅकिंग बदलून गेला, पैसे घेतले नाहीत. आणि रंग! न विचारता गडद हिरवा ऑईलपेंट असा फासला की नंबर प्लेटसुद्धा बुजली. स्पेअर घेताना इंजिन नंबर लागतो, त्यामुळं मी थिनर आणि चिंधी घेऊन अक्षर अक्षर मोकळं केलं. रंगाचं आधीच बजावून ठेवा.

एक गोष्ट फार आवडली. जुना लायनर, पिस्टन, मेटल, नोझल सगळं पोत्यात भरून इंजिनाबरोबर परत दिलं. काय बदललं ते डोळ्यांना दिसतं. जो मेस्त्री जुने पार्ट दाखवत नाही त्याच्याकडून मी तरी काही बांधून घेणार नाही.

खर्च नव्या इंजिनाच्या निम्म्याच्या आत बसला. त्यात मजुरी थोडी, पार्टच जास्त. चालण्याबद्दल सांगायचं तर डिझेल पूर्ण लोडवर तासाला एक-सव्वा लिटर, धूर सुरू करताना एकदा काळा, मग जवळजवळ नाही. सुरुवातीला निम्म्या लोडवर चालवा आणि पहिलं ऑईल लवकर बदला, असं मेस्त्रीनं बजावलं होतं. पहिल्या ऑईलमध्ये नव्या रिंगांची चमचमती कीस उतरली होती, ती तशी उतरायलाच पाहिजे. विजेच्या मोटरशी खर्चात याची बरोबरी नाही, ती धरूही नका. वीज नसते तेव्हाचं हे इंजिन आहे.

कुणी जाऊ नये तेही सांगतो. क्रँककेसला तडा असेल, किंवा क्रँक आधीच शेवटच्या अंडरसाईजपर्यंत, म्हणजे घासता येईल तेवढी सगळी, घासलेली असेल, तर पैसे घालू नका. मेस्त्री स्वतःच 'न्या परत' म्हणतो. माझ्यासमोर दोघांना म्हणाला. वहीत मापं लिहिली, खोलायची मजुरी घेतली आणि इंजिन टेम्पोत चढवायला हात लावला. घेऊन जायचं असेल तर पावसाळा संपताना न्या, दिवाळीनंतर त्याच्या दारात इंजिनांची रांग लागते.