पॉवरटॉप : रिकाम्या मशीनची झोप कोण मोडतं ते दाखवणारं साधन

पाचपैकी चार गुण. पाचवा का कापला ते खाली येईलच.

पॉवरटॉप फुकट आहे. इंटेलने २००७ मध्ये काढलेलं, मुक्त परवान्याचं हे साधन डेबियन, उबंटू, फेडोरा या सगळ्या लिनक्स प्रणालींच्या भांडारात तयार असतं. चालवायला रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात, बाकी काही नाही. बहुतेक लोक ते लॅपटॉपची बॅटरी पुरवायला घेतात. मी घेतलं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात, ऑफिसच्या टेबलाखाली ठेवलेल्या एका डेस्कटॉपसाठी.

त्या डेस्कटॉपवर डेबियन, त्यावर केव्हीएम (एकाच संगणकाच्या आत आणखी संगणक चालवणारी लिनक्सची सोय), आणि त्यात दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे आतले संगणक. एकात हिशेब चालतो, दुसऱ्यात गाठींची लेबलं आणि स्टॉक. माग चालू असताना आमच्याकडे शेजारचा माणूस काय बोलतोय तेही ऐकू येत नाही, मग संगणकाच्या पंख्याची काय कथा. पण माग बंद असतात त्या दिवशी ऑफिसात पंखा सारखा घोंगावायचा, आणि कामाचं तर कोणी नसायचं. दिवाणजींनी निदान केलं, “ताई, आत सूत बसलंय, ब्लोअर मारून घ्या.” सोलापुरात हे निदान शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर निघतं. ब्लोअर मारला, हीटसिंकमधून बोटभर भुरा निघालाही. पंखा मात्र तसाच. त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, आणि वीज गेली की यूपीएसवर मशीन किती वेळ तग धरणार हा आमचा रोजचा हिशेब.

मूळ मशीनवर टॉप (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी आज्ञा) लावला तर स्टॉकवालं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे ते चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामची प्रक्रिया, वीसेक टक्के प्रोसेसर खात बसलेली. त्याच व्हर्च्युअल मशीनच्या आत शिरून टॉप लावला तर ९८ टक्के रिकामं. एकजण खोटं बोलतोय असं वाटतं. दोघंही खरं बोलत असतात.

गोम अशी की टॉप वेळ मोजतो, जागं होणं मोजत नाही. आतल्या लिनक्सला काम उरलं नाही की तो प्रोसेसरला थांबायची सूचना देतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्या थांबण्यालाही बाहेरच्या केव्हीएमकडे यावं लागतं. पुन्हा टायमर वाजला की आत जायचं, इवलंसं काम करायचं, पुढचा टायमर लावायचा, परत बाहेर. आतल्या कामाला काही मायक्रोसेकंद लागतात, पण आत-बाहेर करण्याचा खर्च बाहेरच्या खात्यावर पडतो. रात्रपाळीच्या रखवालदाराला दर मिनिटाला उठवून “सगळं ठीक ना?” एवढंच विचारलं, तर प्रश्नाला वेळ किती लागला हे मोजून त्याच्या झोपेचा हिशेब लागणार नाही.

पॉवरटॉप नेमकं हे उठवणं मोजतं. २००७ च्या एप्रिलमध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.२१ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) रिकाम्या प्रोसेसरवरची टायमरची ठरावीक टिकटिक बंद करता येऊ लागली. त्यामुळे तेव्हापासून “झोप का मोडली” या प्रश्नाला खरं उत्तर मिळू लागलं, आणि त्याच वर्षी हे साधन आलं. पहिल्याच पानावर वर सेकंदाला एकूण किती जागरणं झाली तो आकडा असतो. खाली यादी : किती मिलिसेकंद वापरले, सेकंदाला किती वेळा उठवलं, उठवणारा प्रकार कोणता (प्रक्रिया, टायमर, इंटरप्ट म्हणजे उपकरणाची हाक, कर्नलचं काम) आणि त्याचं नाव. मी वापराच्या रकान्याकडे बघणंच सोडलं, नजर थेट उठवण्याच्या रकान्यावर. आकडे दर वीस सेकंदांनी बदलतात, तेवढा धीर ठेवावा लागतो. आणि यादीत ते स्वतःलाही धरतं, हा प्रामाणिकपणा मला आवडला.

आत लावल्यावर पहिलं नाव आलं ते लेबलच्या प्रोग्रामचं. सेकंदाला १९० च्या आसपास. हा प्रोग्राम एका विक्रेत्याने करून दिलेला आहे, नाव नको. स्कॅनरवर गाठ वाचली की एका फोल्डरात छोटी फाइल पडते आणि प्रोग्राम ती उचलून लेबल छापतो. फाइल आली का, हे तो दर पाच मिलिसेकंदांनी बघत होता. दिवसाला आमच्या किती गाठी निघतात हो? आणि रात्री, सुट्टीला, सणाला तर एकही नाही. गड्ड्याच्या यात्रेत अख्खं गाव सिद्धेश्वराच्या होम मैदानावर असताना आमचा प्रोग्राम सेकंदाला जवळपास दोनशे वेळा रिकामं फोल्डर उघडून बघत असणार.

विक्रेत्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, आमचा प्रोग्राम शून्य टक्के घेतो, टॉपमध्ये बघा ना.” बरोबरच होतं त्याचं. इथे पॉवरटॉपची मला सगळ्यात जास्त भावलेली सोय कामी आली : त्याला सांगितलं तर तो ठरावीक सेकंद मोजून सगळं एका एचटीएमएल फाइलमध्ये लिहून देतो. ती फाइल व्हॉट्सअपवर पाठवली, उठवण्याच्या रकान्यावर लाल गोल करून. संध्याकाळी फोन आला, “मॅडम, बदलून देतो.” आता फोल्डरात काही पडलं की कर्नलच प्रोग्रामला कळवतं. लिनक्समध्ये ही सोय आयनोटिफाय नावाने २००५ पासून आहे. लेबल पूर्वीइतक्याच पटकन येतं आणि यादीतून ते नाव पार खाली गेलंय.

दुसरा धनी डेस्कटॉपचा देखावा. या व्हर्च्युअल मशीनला ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून नोम डेस्कटॉपचं, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-चिन्हांचं, सगळं चित्र प्रोसेसरच रंगवतो. त्यात वरच्या घड्याळात कोणीतरी सेकंद दिसायची सोय चालू करून ठेवलेली, म्हणजे दर सेकंदाला पुन्हा रंगकाम, आणि ते बघायला समोर कोणी नाही. मशीन थेट मजकुराच्या पडद्यावर सुरू होईल असं करून टाकलं. ज्यांना डेस्कटॉप हवाच आहे त्यांनी निदान सेकंद आणि चमकणारे कर्सर तरी बंद करावेत.

तिसरी गोष्ट बाहेरून कळली, आणि म्हणूनच सांगते की पॉवरटॉप दोन्हीकडे लावा. आतलं सगळं शांत झाल्यावरही मूळ मशीनवर क्यूईएमयूचं उठवणं अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होतं. या मशीनची मांडणी जुनी आहे. तिला नकली यूएसबी टॅबलेट जोडलेला होता, तोही जुन्या पद्धतीच्या यूएसबी कंट्रोलरवर. खिडकीत माऊस नीट चालावा म्हणून हा टॅबलेट देतात, पण तो कंट्रोलर चालू असला की दर मिलिसेकंदाला गस्त घालतो. आता पडदाच मजकुराचा, मग टॅबलेट कशाला? काढला.

शेवटी क्यूईएमयू दोन-तीन टक्क्यांवर आलं. सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर आधी ५२ वॉटच्या आसपास दाखवायचा, आता ४१-४२. दिवाणजी अजूनही श्रेय ब्लोअरलाच देतात.

आता कापलेल्या गुणाबद्दल. पॉवरटॉप वॉटचा अंदाज देतं, पण त्यासाठी त्याला बॅटरीवर चालणारं मशीन लागतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये तो भाग विसरा. प्रोसेसर किती गाढ झोपतो ते दाखवणारं पानही तिथे जवळपास कोरं असतं, आणि हे कोरं का आहे ते कुठेही लिहिलेलं नाही. नवख्या माणसाला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं.

शिवाय “ट्यूनेबल्स” नावाचं पान. तिथे बऱ्याच ओळींपुढे “वाईट” असं लिहून येतं आणि एका आज्ञेत सगळं “चांगलं” करता येतं. ती आज्ञा कारखान्याच्या मशीनवर देऊ नका. ती यूएसबी उपकरणांनाही झोपू देते. माऊस थोडा वेळ हलवला नाही की आळसावतो, आणि स्कॅनर जोडलेल्या ठिकाणी असला आळस परवडत नाही. एकेक ओळ वाचून हवी ती बदला. मशीन पुन्हा सुरू केलं की हे बदल पुसले जातात, हे एका अर्थी बरंच आहे.

आणखी एक मर्यादा, पण तिचा दोष साधनाला देता येत नाही. केव्हीएम रिकाम्या व्हर्च्युअल प्रोसेसरला लगेच झोपवत नाही. काम येईल या आशेने थोडा वेळ जागं राहून वाट बघतं. इंटेल-एएमडीच्या मशीनवर हा काळ जास्तीत जास्त २०० मायक्रोसेकंद इतका ठरलेला असतो. याला हॉल्ट पोलिंग म्हणतात, आणि आत कितीही शोधलं तरी ते सापडणार नाही, कारण ते घडतंच बाहेर. मूळ मशीनवर केव्हीएमच्या सेटिंगमध्ये ते शून्य करता येतं. मी केलेलं नाही. हिशेबाचं मशीन मार्चअखेरीस चांगलंच राबतं, तिथे पटकन जागं होण्याचा फायदा मला दोन टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

भाड्याचं व्हर्च्युअल सर्व्हर असेल तर बाहेरचं मशीन तुमच्या हातातच नसतं, तेव्हा पॉवरटॉपचा उपयोग अर्धाच. तिथे आधी टॉपमधला “एसटी” हा आकडा बघा. तो चढलेला असेल तर प्रोसेसरवरचा तुमचा वेळ त्याच यंत्रावरचं शेजारचं व्हर्च्युअल मशीन नेतंय, आणि मग आत काही बसवण्यापेक्षा सर्व्हरवाल्याशीच बोललेलं बरं.