धान्यापासून घरी केलेली ड्राय स्टाउट: किट घ्या, पण दळण बघून घ्या

इंग्लंडमधल्या रेडिंगला राहते. इथल्या एका छोट्या होमब्रू (घरी बिअर करायचं सामान विकणाऱ्या) दुकानातून ड्राय स्टाउटचं, म्हणजे काळ्या, कोरड्या चवीच्या बिअरचं, ऑल-ग्रेन (सिरपऐवजी थेट धान्यापासून करायचं) किट दोनदा घेतलं, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा एप्रिलमध्ये, त्याचा हा रिव्ह्यू. दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण पहिल्या खेपेची तक्रार आहे आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी ती नीट निस्तरली, मग नावानिशी बोलणं मला बरोबर वाटत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते, ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला लायसन लागत नाही, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात विनापरवाना केली तर गुन्हा आहे, तेव्हा तिकडे हे करू नका.

किट २४ पौंडांना पडलं, २० लिटरचं. त्यात मॅरिस ऑटर पेल माल्ट २.७ किलो, पोह्यांसारखी चपटी केलेली फ्लेक्ड बार्ली ७०० ग्रॅम, रोस्टेड बार्ली ४०० ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ६० ग्रॅम आणि सेफेल एस-०४ यीस्टचं ११.५ ग्रॅमचं पाकीट. याआधी मी दोन वर्षं डब्यातल्या सिरपवाली किट करायचे, पाणी घाला यीस्ट टाका झालं, पण कुठलाही डबा आणला तरी मागे तीच गोडसर चव राहायची. म्हणून धान्यावर आले आणि आता परत डब्याकडे जाणार नाही.

आई तेव्हा इकडे आलेली होती. पिशवी उघडली तर तिने चिमूटभर माल्ट तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाली, "अगं हे आपल्या नाचणीच्या सत्त्वासारखंच की, मोड आणून वाळवलेलं." अगदी तेच आहे! बार्लीला मोड आणताना आत एन्झाइम तयार होतात, मग ती वाळवतात, आणि आपण ते धान्य साधारण ६६ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवलं की तेच एन्झाइम स्टार्चची साखर करतात. तासाभराने ते पाणी चमच्याने चाखून बघा, गोड लागतं, साखरेचा एक दाणा घातलेला नसताना. मला दोन्ही वेळा तेवढाच आनंद झाला.

आता तक्रार. पहिल्या किटमधलं माल्ट नीट भरडलेलंच नव्हतं. हातात घेऊन बघितलं तर निम्मे दाणे अख्खे, नुसती सालं चेपलेली. मला तेव्हा कळलं नाही, मला वाटलं असंच असतं. दाणा फुटला नाही तर आतल्या स्टार्चपर्यंत पाणी पोचत नाही, साखर निघत नाही, आणि झालंही तसंच. कागदावर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्यात किती साखर उतरली त्याचं माप) १.०४२ लिहिलेली, ती मोजायचा हायड्रोमीटर दाखवतोय १.०३४. शेवटी १.००९ ला थांबली म्हणजे जेमतेम ३.३ टक्के अल्कोहोल, बिअर काळी दिसायला पण तोंडात पाणीदार. दिवसभर राबल्यावर असं झालं की फार वाईट वाटतं हो.

दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, रोलरमधलं अंतर कमी करून दुसऱ्या वेळी माझ्यासमोर दोनदा दळून दिलं. मी कापडी पिशवीत धान्य भिजवते, तीच पिशवी गाळणी होते, त्यामुळे दळण जरा बारीक असलं तरी तुंबत नाही. डाळीच्या भरडीइतकं चालतं, अगदी पीठ नको. यावेळी १.०४२ बरोब्बर आली, शेवटी १.०१०, म्हणजे ४.२ टक्के, गिनेस ड्राफ्ट असते साधारण तेवढीच.

माझी पद्धत सांगते कारण किटमधला कागद फारच त्रोटक आहे. ३० लिटरचा इलेक्ट्रिक बॉयलर, २७ लिटर पाणी ७० डिग्रीला आणायचं, पिशवीत धान्य सोडायचं, ते ६६-६७ वर येतं, वर गोधडी गुंडाळून एक तास. मग पिशवी उचलून दाबून पिळायची आणि तासभर उकळायचं. हॉप्स उकळी फुटल्यावर सगळे टाकायचे. तिथे मात्र उभं राहा, दूध उतू जातं तसा फेस एका क्षणात वर येतो आणि किचनच्या फरशीवरून ते चिकट काढता काढता रात्र होते.

पाण्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. रेडिंगचं पाणी इतकं जड की किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो. फिकट बिअरला ते त्रासदायक, पण काळं भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं, ते पाण्यातल्या बायकार्बोनेटला उतरवतं आणि पीएच बरोबर जागेवर येतो. लंडनमध्ये पोर्टर (स्टाउटच्याच जातीची काळी बिअर) आणि डब्लिनमध्ये स्टाउट इतकी छान जमली त्यात तिथल्या पाण्याचा मोठा हात आहे. म्हणून जड पाण्याच्या गावात राहणाऱ्या कुणीही धान्याची पहिली बिअर करायची तर स्टाउटच करा असं मी सांगेन. फक्त नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवायला कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी टाका, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो.

रोस्टेड बार्ली ही या किटची जान आहे. चिमटीत घेतली तर बोटांना काजळासारखं काळं लागतं, वास चिकोरीवाल्या फिल्टर कॉफीचा. ही मोड न आणता थेट भाजलेली बार्ली. ब्रिटनमध्ये १८८० पर्यंत कर माल्टवर होता त्यामुळे माल्ट न केलेलं धान्य ब्रूअर्सना वापरता येत नव्हतं, कर बिअरवर गेल्यावर ते मोकळं झालं. ४०० ग्रॅम म्हणजे एकूण धान्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास, तेवढी पुरते. यापेक्षा वाढवू नका, जळकट लागेल.

यीस्ट चांगलं आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी फेस आलेला होता. जिन्याखालच्या कपाटात १८-२० डिग्रीला दोन आठवडे ठेवलं, दोन दिवस लागोपाठ तीच ग्रॅव्हिटी आल्याशिवाय बाटल्या भरल्या नाहीत (घाई केली तर बाटल्या फुटतात, हे गंभीर आहे). लिटरला ४ ग्रॅम साखर घातली, ५०० मिलीच्या ३७ बाटल्या निघाल्या.

तिसऱ्या आठवड्यात उघडली तेव्हा जरा उग्र वाटली, पाचव्या आठवड्यात मात्र मस्त. फेस बदामी रंगाचा, चव कोरडी, कडू चॉकलेटसारखी, फ्लेक्ड बार्लीमुळे अंगाला भरीव. पबमधल्यासारखा मलईदार फेस मिळणार नाही, तो नायट्रोजनमुळे येतो, बाटलीत तसं होत नाही. भाजणीच्या चकलीबरोबर पिऊन बघा, दोन्हीकडे भाजल्याचा वास, एकमेकांना फार छान धरतात.

पाचपैकी चार. एक गुण त्या त्रोटक कागदाचा आणि पहिल्या दळणाचा कापला. दुकानात घेताना काउंटरवरच पिशवी उघडून मूठभर धान्य हातावर घ्या, अख्खे दाणे दिसले तर तिथेच परत दळून मागा. माझ्या अकरा बाटल्या उरल्यात, त्या मी दिवाळीपर्यंत कुणाला हात लावू देणार नाही.