खिशात मावणारी ब्राखोतची पुस्तिका: वापरून झाल्यावरचं मत

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांत ब्राखोत (खाताना आणि इतर प्रसंगी देवाला उद्देशून म्हणायची धन्यवादाची वाक्यं, एक असेल तर ब्राखा) येत नाहीत असा माणूस विरळाच. हामोत्सी (पाव-पोळीवर), हगाफेन (द्राक्षरसावर), हाएत्स (झाडाच्या फळावर), हाअदामा (जमिनीतून उगवलेल्यावर), शेहाकोल (बाकी सगळ्यावर) हे सगळं आईच्या मागोमाग म्हणता म्हणताच तोंडात बसतं. अडचण पाठांतराची नाही. उलट इतकं पाठ असतं की "बारुख" म्हणताना हात केळं सोलत असतात आणि "हाअदामा"पर्यंत पोचायच्या आत नजर दुसऱ्या ताटाकडे गेलेली असते. समाजातल्या काही मंडळींनी पदरचे पैसे घालून छापलेली ही नवी पुस्तिका नेमकी त्याच ठिकाणी हात घालते. पेसाखच्या (वल्हांडणाच्या) सणापासून ती माझ्या पर्समध्ये आहे, आणि तिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

(खाली जिथे ब्राखा उतरवली आहे तिथे मी देवाच्या नावाऐवजी "हाशेम" लिहिलं आहे. कारण नसताना ते नाव घ्यायचं नसतं, त्यामुळे वाचतानाही तसंच वाचा.)

आधी पुस्तिका दिसते कशी ते सांगते. आकार तळहाताएवढा, शिवलेली बांधणी, त्यामुळे पूर्ण उघडून टेबलावर ठेवली तरी मिटत नाही. एका हाताने पेला धरून किद्दुश (शनिवारच्या शाब्बाथला आणि सणांना द्राक्षरसावर म्हणायची प्रार्थना) म्हणणाऱ्याला याचं मोल कळेल. पुस्तिका हिब्रू पद्धतीने उजवीकडून उघडते. एका पानावर स्वरचिन्हांसह हिब्रू आणि त्याखाली देवनागरी, समोरच्या पानावर मराठी अर्थ आणि एका चौकटीत "मनात काय धरायचं" म्हणून दोन-तीन ओळी. मराठी अगदी बोलण्यातलं आहे. मराठीत प्रार्थना आणणं आपल्याला नवीन नाही. १८७४ साली पुण्यात मराठी अर्थासह हग्गादा (पेसाखच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापली गेली, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांचे कितीतरी अनुवाद केले. त्या पिढीचं ऋण मोठं आहे, पण त्यांची भाषा आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाला वाचताना दम लागतो. इथे तसं होत नाही.

आता मुद्द्याचं. प्रत्येक ब्राखेत देवाच्या नावाआधी एक बारीक उभी रेघ छापली आहे. "बारुख अत्ता" (तू धन्य), मग रेघ, मग "हाशेम एलोहेनू मेलेख हाओलाम" (हाशेम आमच्या देवा, विश्वाच्या राजा). रेघ आली की थांबायचं. किती थांबायचं हे लिहिलेलं नाही, आणि ते बरंच केलं. थांबून काय करायचं ते मात्र पहिल्याच पानावर आहे, तेही कोणाच्या मनचं नाही. शुलहान आरूख या ज्यू नियमग्रंथाच्या ओरह हाइम भागात पाचवं प्रकरण अगदी छोटं आहे, त्यातलंच ते घेतलं आहे: ब्राखा म्हणताना शब्दांचा अर्थ मनात असावा, आणि नाव उच्चारताना तो सगळ्यांचा स्वामी आहे, तो होता, आहे आणि असेल, हे मनात असावं. बस. डोळे भरून यावेत, अंगावर काटा यावा, अशी कुठलीही अट नाही. कव्वाना म्हणजे कोणाशी बोलतोय आणि कशाबद्दल बोलतोय याचं भान. दमलेल्या, वैतागलेल्या, कामाच्या घाईत असलेल्या माणसालाही ते जमतं, म्हणून मला ही मांडणी फार पटली.

आणि म्हणूनच मधली चार पानं मला खटकली. तिथे श्वास मोजायला सांगितलं आहे, खांदे सैल सोडा, विचार ढगांसारखे जाऊ द्या, वगैरे. याने कोणाला फायदा होत असेल तर माझी ना नाही. पण मन शांत करणं वेगळं आणि समोर कोणीतरी आहे हे ओळखून बोलणं वेगळं. ब्राखेचा दुसराच शब्द "अत्ता" आहे, "तू". नाव आणि राज्य यांचा उल्लेख नसेल तर ती ब्राखाच नाही, इथपर्यंत तलमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातल्या मसेखेत ब्राखोत या भागात चर्चा जाते. रव नावाचे रब्बी म्हणतात नाव हवंच, रब्बी योहानान म्हणतात "मेलेख" सुद्धा हवं. इतकं नेमकेपणाने एका कोणाला तरी उद्देशून असलेल्या वाक्याआधी विचार ढगांसारखे सोडून द्यायला मला जमत नाही आणि जमवावंसंही वाटत नाही. ती पानं गाळून तिथे दुसरं काही घातलं असतं तर बरं. काय घालायला हवं होतं ते शेवटी सांगते.

खाण्याच्या ब्राखोतची पानं उत्तम आहेत. सुरुवातीला रब्बी लेवींचा विचार आहे. तेहिलीममध्ये (स्तोत्रांच्या ग्रंथात) एका ठिकाणी पृथ्वी देवाची म्हटलं आहे, दुसऱ्या ठिकाणी ती माणसांना दिली म्हटलं आहे, मग खरं कुठलं? त्यांचं उत्तर: ब्राखा म्हणण्याआधी देवाची, म्हटल्यानंतर माणसाची. हे एवढंच सांगून पुस्तिका थेट कामाला लागते. पदार्थ उजव्या हातात घ्या. त्यावर कुठली ब्राखा ते आधी ठरवा, "मेलेख हाओलाम" म्हणून झाल्यावर अडखळू नका. म्हणून झाली की घास गिळेपर्यंत बोलू नका. शंका असेल तर उगाच नाव घेऊ नका, कारण ब्राखेबाबत शंका आली की सूट देण्याकडे नियमाचा कल आहे. या साध्या क्रमानेच निम्मी कव्वाना येते. फळ हातात धरून, हे झाडाचं की जमिनीचं, असा विचार करावा लागला की माणूस त्या फळाकडे बघतो तरी.

यादीही आपल्या स्वयंपाकघराची आहे, परदेशी पुस्तकातून उचललेली नाही. गव्हाच्या पोळीवर हामोत्सी आणि जेवणानंतर बिर्कत हामाझोन. तांदळाच्या भाकरीवर मेझोनोत (धान्याच्या पदार्थांची ब्राखा) आणि नंतर बोरे नेफाशोत (खाल्ल्यानंतरची छोटी ब्राखा), कारण तांदूळ गहू-जवासारख्या पाच धान्यांत बसत नाही. आंबा आणि ओल्या नारळाचं खोबरं हाएत्स, पण शहाळ्याचं पाणी शेहाकोल. केळं हाअदामा, कारण केळीचा सोट दर वर्षी टिकून पुन्हा फळ देणारं झाड नाही. भुईमुगाच्या शेंगाही हाअदामा. किद्दुशसाठी आपल्याकडे काळ्या मनुका भिजवून सरबत करतात, त्यावर हगाफेन का, तेही दोन ओळींत आहे. आमच्या घरात सुनेने ही यादी मोबाइलवर फोटो काढून ठेवली आहे.

अशेर यात्सारच्या पानाबद्दल मात्र मी जरा जास्त लिहिणार आहे. मी सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स होते, नोकरीतली बरीच वर्षं सर्जरी आणि मूत्रविकाराच्या वॉर्डांत गेली. शौचास किंवा लघवीला जाऊन आल्यावर, हात धुऊन, ही ब्राखा म्हणायची. तलमूदमध्ये ती अबाये या रब्बींच्या नावावर आहे. अर्थ असा: तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्यास, त्यातलं एक फुटलं किंवा एक बंद झालं तर तुझ्यासमोर उभं राहणं शक्य नाही. शेवटी, सर्व देहांना बरं करणारा आणि अद्भुत करणारा.

पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न काय विचारतात, हे नातेवाइकांना ठाऊक असतं: गॅस पास झाला का? मोठमोठी माणसं, बँकेचे मॅनेजर, शाळेचे मुख्याध्यापक, या एका गोष्टीची वाट बघत पडलेली मी पाहिली आहेत. झाला म्हटल्यावर घरच्यांचा चेहरा उजळतो. प्रोस्टेट वाढून लघवी अडकलेला माणूस रात्री दोन वाजता आणतात, तो कॉटवर नीट बसूही शकत नाही, घामाने भिजलेला असतो. कॅथेटर टाकला की मिनिटभरात त्याच्या तोंडावर जे येतं त्याला आनंद हा शब्द अपुरा आहे. आम्ही युरीन आउटपुट तासातासाला चार्टवर लिहायचो. तीस मिली आली म्हणून समाधान वाटायचं. "एक बंद झालं तर" हे शब्द अबायेंनी शोभेसाठी घातलेले नाहीत.

या पानावरच्या चौकटीत फक्त एवढंच आहे: "आत्ता शरीराने जे केलं ते तुम्ही केलेलं नाही." संपूर्ण पुस्तिकेतलं हे सर्वांत चांगलं वाक्य. दिवसातून इतक्यांदा म्हणायची ही ब्राखा घाईत सर्वांत जास्त चिरडली जाते, कारण माणसाला लगेच कामावर परतायचं असतं. पुस्तिकेबरोबर याच ब्राखेचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड मिळतं. ते बेसिनजवळ, संडास-बाथरूमच्या बाहेर लावायचं, आत नाही, कारण त्यावर नाव छापलेलं आहे. कार्डावरचं अक्षर ठसठशीत आहे. पुस्तिका नको असेल तरी कार्ड जरूर मागून घ्या. घरात कोणी आजारी असेल तर नक्कीच.

बाकीचं थोडक्यात. वीज आणि गडगडाटाच्या ब्राखोत छान समजावल्या आहेत. कडकडाट ऐकल्याबरोबर म्हणायची, एक वाक्य बोलून झाल्यावर नाही. जूनमध्ये खिडकीशी बसून नातवाने त्या शिकून घेतल्या. आमेनचं पान छोटं पण कामाचं: समोरच्याची ब्राखा संपायच्या आत आमेन हिसकावून म्हणायचं नाही, अर्धवट तोडायचं नाही, आणि कशाला आमेन म्हणतोय हे माहीत नसताना म्हणायचं नाही. सिनगॉगमध्ये प्रार्थना म्हणवणारा हझान "अत्ता"वर असताना मागून आमेन ऐकू येतं, तेव्हा हे पान सगळ्यांनी वाचावं असं वाटतं.

रब्बी मेइर यांनी दिवसाला शंभर ब्राखोत सांगितल्या, म्हणून मागे मोजणीचा तक्ता आहे. रोज तीनदा उभ्याने म्हणायच्या अमीदा या प्रार्थनेत प्रत्येकी एकोणीस, म्हणजे सत्तावन्न तिथेच होतात. शाब्बाथला अमीदात सातच असल्यामुळे आकडा कमी पडतो, तो फळांनी आणि सुवासाच्या ब्राखोतनी भरून काढायचा. माहिती बरोबर आहे, पण टिकमार्क करायचे चौकोन मला नकोसे झाले. चौकोन भरायचा म्हणून सफरचंद खाल्लं तर लक्ष सफरचंदावर राहत नाही, देणाऱ्यावर तर नाहीच.

मृत्यूची बातमी ऐकल्यावरच्या "दायान हाएमेत"च्या पानावर चौकट रिकामी आहे. फक्त हिब्रू, देवनागरी, अर्थ: सत्य न्यायाधीश. जसं चांगल्यासाठी तसंच वाइटासाठीही ब्राखा म्हणायची, हे मिश्नामध्ये, म्हणजे तलमूदच्या मूळ गाभ्यात आहे. त्या वेळी मनात काय धरायचं हे दुसऱ्याने सांगू नये, हे संपादकांना कळलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तक्रारी तीन. देवनागरीत ख आणि ह यांची गल्लत आहे. काही पानांवर खालच्या टिंबाने घशातला उच्चार दाखवला आहे, काही पानांवर टिंब गळलं आहे. पाठ असलेल्याला फरक पडत नाही, नव्याने शिकणाऱ्या मुलाला पडतो. दुसरी, बिर्कत हामाझोन इतक्या बारीक टायपात कोंबलं आहे की माझ्या वयाच्या माणसाला चष्मा लावूनही ओळ सापडत नाही. जी ब्राखा तोरामधल्या (मोशेच्या पाच ग्रंथांतल्या) आज्ञेवर उभी आहे, "तू खाशील आणि तृप्त होशील आणि धन्यवाद देशील", तिलाच सर्वांत कमी जागा मिळावी हे योग्य नाही.

तिसरी तक्रार मोठी. मलिद्याचं पानच नाही. घर घेतलं, लग्न ठरलं, नवस फेडला की आपण एलियाहू हन्नावी, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतो. गोड केलेले पोहे, खोबरं, फळं, गुलाब असं ताट मधोमध ठेवतो आणि एकापाठोपाठ एक ब्राखोत म्हणतो. इतक्या वेगवेगळ्या ब्राखोत एका बैठकीत एरवी क्वचितच होतात. खजुराची वेगळी, केळ्याची वेगळी, सुवासाची वेगळी. आणि तिथेच गडबड सर्वांत जास्त, कारण पाहुणे ताटकळलेले, पोरं ताटाभोवती, कोणीतरी वाटायला सुरुवातही केलेली. श्वासाची ती चार पानं काढा आणि तिथे मलिद्याचा क्रम द्या. कुठलं फळ आधी उचलायचं, एकाने सगळ्यांसाठी म्हटली तर ऐकणाऱ्यांनी मनात काय धरायचं, आमेन कुठे, वाटप कधी. रेघा तशाच ठेवा.

वापरून जीर्ण झालेली प्रत रद्दीत टाकू नका, सिनगॉगमध्ये आणून द्या, तिथून ती पुरली जाईल, असं शेवटच्या पानावर लिहिलं आहे. किंमत छापलेली नाही, सिनगॉगमध्ये मागितली की मिळते, त्सेदाकाच्या (दानाच्या) पेटीत जमेल ते टाकायचं. मी बार मित्स्वाला (तेराव्या वर्षाच्या विधीला) आलेल्या मुलांना देण्यासाठी आणखी प्रती सांगून ठेवल्या आहेत, आणि बिर्कत हामाझोनसाठी सध्या जुनंच मोठ्या टायपाचं पुस्तक वापरते.