स्लिम डीव्हीडी ड्राइव्ह आठ महिने वापरल्यानंतर

नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच नाही, म्हणून गेल्या मे महिन्यात यूएसबीवर चालणारी बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह घेतली. कपाटात साठेक डिस्क होत्या: ताईच्या लग्नाच्या, आणि २००३ च्या सिंहस्थात बाबांनी रामकुंडावर केलेल्या शूटिंगच्या तीन व्हीसीडी. त्या वाचवायच्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात डिस्क घातली की नुसती खटखट, आणि स्क्रीनवर ‘डिस्क टाका’. दुकानदार म्हणाला, बदलून देतो. त्याआधी मी ड्राइव्ह हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) काढून थेट लॅपटॉपला लावली आणि ती सुरू झाली. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. डिस्क फिरायला लागताना ड्राइव्हला जोर लागतो आणि हबवर तोच कमी पडत होता. वेगळ्या अडॅप्टरमधून वीज न घेणारा हब असेल तर ड्राइव्हला दोष देण्याआधी तो काढून बघा.

दिवाळीनंतर दुसरी तक्रार. सीडी चालायच्या, डीव्हीडी नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, त्यामुळे एक गेला तरी दुसरा चालू राहू शकतो. मी धास्तावलो. पण पंचवटीत आमच्या घरासमोर रस्ता खोदलेला, घरभर धूळ. डीव्हीडीवरच्या माहितीच्या ओळी ०.७४ मायक्रॉन अंतरावर, सीडीच्या १.६, म्हणून लेझरच्या भिंगावरच्या धुळीचा फटका डीव्हीडीला आधी बसतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा देऊन भिंग अलगद पुसलं, दहा मिनिटं वाळू दिलं. दाबायचं मुळीच नाही, ते नाजूक स्प्रिंगवर असतं. डीव्हीडी पुन्हा वाचायला लागली.

मग राहिल्या खुद्द डिस्क. इथे बऱ्याच जणांचा उलटा समज असतो. सीडीची खालची चकचकीत बाजू म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलीकार्बोनेट, तिच्यावरचे ओरखडे बऱ्याचदा निभतात. माहितीचा थर मात्र वर, लेबलाच्या पातळ लॅकरखालीच असतो. बाबांनी एका व्हीसीडीवर बॉलपेनने तारीख लिहिली होती. ती दिव्यासमोर धरली तर टाचणीएवढ्या छिद्रांतून उजेड येत होता. तिथलं चित्रण गेलं ते गेलंच, पॉलिश करून येत नाही. दुसरी पुसताना मी मध्यापासून कडेकडे पुसली, गोल नाही. गोल ओरखडा एकाच ओळीवर लांब पडतो आणि वाचतानाच्या चुका सुधारणारी ड्राइव्हची यंत्रणा हतबल होते.

तिसरी माझ्या ड्राइव्हने नाकारली, पण मामाच्या जुन्या डेस्कटॉपने हळू का होईना वाचली. तेव्हा दोन ड्राइव्हवर तपासल्याशिवाय डिस्क टाकून देऊ नका.

ड्राइव्हबद्दल माझं मत चांगलंच आहे, फक्त केबल फार आखूड. रामकुंडाच्या तिन्ही डिस्कमधून जे आलं ते हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवलंय. त्यात आजी पायरीवर बसून बाबांना ओरडतेय, ‘अरे पाण्यात मागे सरकू नकोस.’ हा तिचा एकमेव रेकॉर्ड केलेला आवाज आहे. अजून बावीस डिस्क बाकी आहेत.