यूएफडब्ल्यू : साध्या फायरवॉलचा परिचय आणि ती सुरू होत नव्हती तेव्हाचा अनुभव

लिनक्स वापरायला लागून काही आठवडे झाल्यावर मी फायरवॉलकडे, म्हणजे नेटवर्कवरून येणारी-जाणारी माहिती नियमांनुसार अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या यंत्रणेकडे वळलो. उबुंटू या लिनक्सच्या वितरणात (तयार संचात) यूएफडब्ल्यू आधीपासून बसवलेली असते, मात्र ती बंद ठेवलेली असते आणि वापरणाऱ्याने स्वतःहून चालू करायची असते. तिचे पूर्ण नाव ‘अनकॉम्प्लिकेटेड फायरवॉल’, म्हणजे गुंतागुंत नसलेली फायरवॉल. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या उबुंटूच्या ८.०४ या आवृत्तीपासून ती सोबत मिळते. घरचा संगणक आणि भाड्याने घेतलेला एक लहान सर्व्हर अशा दोन्ही ठिकाणी काही महिने वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. यातला बराच भाग ती सुरूच होत नव्हती त्या दिवसांविषयी आहे, कारण नीट चालणाऱ्या फायरवॉलविषयी सांगण्यासारखे फारसे नसते आणि नवशिक्याची खरी परीक्षा ती अडते तेव्हाच होते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. यूएफडब्ल्यू ही स्वतः पाकिटे, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, अडवत नाही. ते काम लिनक्सच्या कर्नेलमधली, म्हणजे गाभ्यातली, नेटफिल्टर ही यंत्रणा करते आणि ती जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या कर्नेलपासून तिथे आहे. तिला नियम सांगण्यासाठी आयपीटेबल्स नावाचे साधन आहे, पण त्याच्या आज्ञा लांबलचक असतात आणि एखादे अक्षर चुकले तर अर्थच बदलतो. यूएफडब्ल्यू हा पायथन या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आपल्याकडून सोपी आज्ञा घेतो आणि तिचे आयपीटेबल्सच्या भाषेतले नियम तयार करून कर्नेलपर्यंत पोहोचवतो. चौकीदार आत बसलेला आहे आणि यूएफडब्ल्यू त्याच्याकडे याद्या नेऊन देणारा कारकून आहे, असे म्हटले तरी चालेल. हे चित्र आधी डोळ्यांसमोर असते, तर पुढचे दोन दिवस वाया गेले नसते.

पहिला गोंधळ अगदी सुरुवातीलाच झाला. इतर सेवा (पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्रॅम) ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ या आज्ञेने सुरू करायच्या असतात हे मी नुकतेच शिकलो होतो, म्हणून तीच आज्ञा यूएफडब्ल्यूसाठी दिली. कोणतीही त्रुटी आली नाही. सेवेची स्थिती विचारली, तर हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह’ आणि त्यापुढे कंसात ‘एक्झिटेड’ असे उत्तर मिळाले. सक्रियही आहे आणि बाहेरही पडली आहे, याचा काय अर्थ लावायचा? मग ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ ही आज्ञा दिली (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), तर तिने सरळ ‘इनॲक्टिव्ह’ असे सांगितले. एकाच फायरवॉलविषयी दोन आज्ञा परस्परविरुद्ध साक्ष देत होत्या. सेवा बिघडली असावी असे समजून मी संगणक तीन वेळा बंद करून पुन्हा चालू केला आणि तिन्ही वेळा तेच पाहिले.

वास्तविक दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. यूएफडब्ल्यूची सेवा सतत चालत राहणारी नसते. संगणक सुरू होताना ती एकदाच धावते, नियम कर्नेलच्या स्वाधीन करते आणि काम संपवून निघून जाते, त्यामुळे ‘एक्झिटेड’ हा शब्द बिघाड दाखवत नाही. परंतु नियम स्वाधीन करण्यापूर्वी ती ‘ईटीसी’ या मांडणीच्या फोल्डरमधल्या ‘यूएफडब्ल्यू.कॉन्फ’ या फाइलमधली ‘एनेबल्ड’ ही ओळ वाचते, आणि तिथे ‘नो’ लिहिलेले असेल तर काहीही न करता आणि काहीही न बोलता परत फिरते. कामगार हजेरी लावून रिकाम्या हाताने घरी गेला, तरी हजेरीपटावर त्याची खूण राहते, तसा हा प्रकार आहे. योग्य आज्ञा ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ हीच आहे. ती त्या फाइलमध्ये ‘यस’ लिहिते, नियम लगेच लागू करते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना फायरवॉलही सुरू होईल याची तजवीज करते.

या घोळाचा अर्धा दोष मी उत्पादनाच्या खात्यावर मांडतो. माहितीपुस्तिकेत ‘एनेबल’चा उल्लेख ठळक आहे आणि तो न वाचणे ही माझीच चूक होती, हे मान्य आहे. तरीही सेवेने काम न करता परतताना निदान एक ओळ तरी लिहायला हवी होती. गुंतागुंत नसल्याचे ज्याच्या नावातच सांगितले आहे, त्या साधनाने ‘चालू’ या शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ नवशिक्यासमोर ठेवू नयेत. सेवा धावली का, फाइलमध्ये परवानगी आहे का आणि कर्नेलमध्ये नियम प्रत्यक्ष बसले का, हे ते तीन अर्थ. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘यूएफडब्ल्यू शो रॉ’ या आज्ञेने मिळते. ती कर्नेलमधले नियम जसेच्या तसे समोर ठेवते. वाचायला ती किचकट आहे, पण शंका फेडायला तिच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही.

दुसरा बिघाड मात्र संपूर्णपणे माझ्या हातचा होता. काही दिवसांनी ‘एनेबल’ दिल्यावर ‘प्रॉब्लेम रनिंग यूएफडब्ल्यू-इनिट’ असा संदेश आला, त्याखाली आयपीटेबल्स-रिस्टोअरची एक ओळ निकामी ठरल्याचे तिच्या क्रमांकासह लिहिले होते आणि शेवटी ‘बिफोर.रूल्स’ या फाइलचे नाव होते. पहिली ओळ वाचून मी घाबरलो आणि खालच्या दोन ओळींकडे लक्षच दिले नाही. कदाचित पॅकेज खराब झाले असेल म्हणून ते काढून पुन्हा बसवले, तरी तीच त्रुटी आली. याचे कारणही नंतर समजले. साध्या ‘रिमूव्ह’ने प्रोग्रॅम जातो, पण ‘ईटीसी’मधल्या मांडणीच्या फाइली जागेवर राहतात आणि त्याही काढायच्या असतील तर ‘पर्ज’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. बिघाड फाइलमध्ये असताना प्रोग्रॅम बदलून काहीच साधणार नव्हते.

शेवटी संदेशाच्या खालच्या ओळी वाचल्या आणि त्या क्रमांकाची ओळ उघडली. तिथे तारकाचिन्ह आणि त्यापुढे ‘फिल्टर’ एवढेच होते. ही ओळ यूएफडब्ल्यूने स्वतःच लिहिलेली, मी कधीही न छेडलेली आणि पूर्णपणे निर्दोष होती. पुष्कळ वेळ मी तिच्याकडेच पाहत बसलो. खरी चूक तिच्या वर होती. आपल्या संगणकाची जोडणी दुसऱ्या संगणकाला वाटून देण्यासाठी मी या फाइलच्या आरंभी ‘नॅट’ या, पाकिटांचे पत्ते बदलणाऱ्या नियमांच्या, तक्त्याचा एक छोटा भाग जोडला होता आणि त्याच्या अखेरीस ‘कमिट’ ही ओळ लिहायला विसरलो होतो. प्रत्येक तक्ता ‘कमिट’ने बंद करावा लागतो. तो बंद न होताच दुसरा तक्ता सुरू झाल्याने आयपीटेबल्स तिथे अडखळत होते आणि अडखळलेल्या जागेचा क्रमांक सांगत होते. म्हणून ओळ क्रमांक मिळाल्यावर केवळ तीच ओळ न पाहता तिच्या वरचा मजकूरही तपासावा, हे मी स्वतःच्या वहीत लिहून ठेवले आहे. गंमत अशी की ‘कमिट’ची ओळ काढू नका, नाहीतर नियम लागू होणार नाहीत, अशी टीप त्याच फाइलच्या तळाशी लिहिलेली असते.

इथे यूएफडब्ल्यूच्या दोन गुणांची नोंद घेतली पाहिजे. पहिला असा की चालू करण्याचा प्रयत्न फसल्यास ती फाइलमधली ‘एनेबल्ड’ ही नोंद पुन्हा ‘नो’ करते, म्हणजे अर्धवट अवस्थेत स्वतःला चालू म्हणवून घेत नाही. दुसरा गुण ‘यूएफडब्ल्यू रिसेट’ या आज्ञेचा आहे. ही आज्ञा फायरवॉल बंद करते आणि नियमांच्या फाइली मूळ रूपात आणते, परंतु जुन्या फाइली फेकून न देता नावापुढे तारीख आणि वेळ जोडून त्याच फोल्डरमध्ये ठेवते. मला त्याचा दुहेरी उपयोग झाला. त्यानंतर ‘एनेबल’ देताच फायरवॉल चालू झाली, आणि जुनी व नवी फाइल ‘डिफ’ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने शेजारी मांडून पाहिल्यावर माझी भर तेवढी उठून दिसली. नवशिक्याने प्रयोग करावेत आणि फसल्यास मागे यावे, याची सोय करून ठेवणारी साधने थोडी असतात.

सुरू न होण्याची इतर कारणे मी पाहिली आहेत, पण त्यांत फार रमण्यासारखे काही नाही. ‘सुडो’ विसरल्यास रूट (प्रशासक) असणे आवश्यक आहे असा स्पष्ट संदेश येतो. काही वितरणांत कर्नेल अद्ययावत झाल्यावर जुन्या कर्नेलचे मॉड्यूल (गरजेनुसार जोडले जाणारे भाग) पुसले जातात आणि संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत चालू कर्नेलला आयपीटेबल्सचे मॉड्यूल सापडत नाही. अशा वेळी ‘युनेम’ने चालू आवृत्ती पाहावी आणि तिचे फोल्डर ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’मध्ये आहे की नाही ते तपासावे. कंटेनरच्या, म्हणजे यजमान संगणकाचाच कर्नेल वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्याच्या, स्वरूपात मिळणाऱ्या स्वस्त सर्व्हरवर कर्नेल आपल्या ताब्यात नसतो, त्यामुळे तिथे मॉड्यूल चढवणे आपल्याला शक्य होत नाही. व्यवस्थेचा मूळ पायथन बदलून त्या जागी दुसरी आवृत्ती जोडण्याचा उद्योग केल्यास त्यावर उभा असलेला हा प्रोग्रॅमही कोलमडू शकतो. यांपैकी काय अडले आहे ते कळण्यासाठी पॅकेजसोबतच ‘चेक-रिक्वायरमेंट्स’ नावाची स्क्रिप्ट येते. ती एकेक क्षमता तपासून उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल देते. इतकी उपयोगी गोष्ट ‘युएसआर’मधल्या ‘शेअर’ फोल्डरच्या कोपऱ्यात दडवून का ठेवली आहे, हे मला उमजलेले नाही.

एकदा सुरू झाल्यावर मात्र ही फायरवॉल आपले नाव सार्थ करते. बाहेरून येणारे सर्व अडवावे आणि आतून जाणारे जाऊ द्यावे, हे तिचे मूळ धोरण घरच्या संगणकासाठी पुरेसे आहे आणि बहुतेकांना त्यापुढे एकही नियम लिहावा लागणार नाही. सर्व्हरवर मात्र क्रम पाळावा लागतो. आधी एसएसएचचे (दुरून सर्व्हरवर काम करण्याच्या सोयीचे) २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, उघडावे आणि मगच ‘एनेबल’ द्यावे, अन्यथा आपणच दाराबाहेर राहण्याची वेळ येते. एसएसएचवरून जोडलेले असताना ‘एनेबल’ दिल्यास यूएफडब्ल्यू तशी सूचना देऊन होकार मागते, पण घाईत होकार देणाऱ्याला ती कशी थांबवणार? ‘अलाऊ’ऐवजी ‘लिमिट’ वापरल्यास एकाच पत्त्यावरून ३० सेकंदांत ६ किंवा अधिक वेळा जोडणीचा प्रयत्न झाला की तो पत्ता अडवला जातो. संकेतशब्दांचा मारा करणाऱ्यांसाठी हा एका शब्दाचा उपाय मला फार आवडला. नियम काढताना ‘स्टेटस नंबर्ड’ने क्रमांक पाहून ते काढता येतात, पण तिसरा काढला की चौथा तिसरा होतो. एकापाठोपाठ काढायचे असतील तर खालून वर यावे.

टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांसाठी गुफ्डब्ल्यू हे चित्ररूप आवरण आहे. त्यात घर, कार्यालय आणि सार्वजनिक जागा अशी तीन प्रोफाइल तयार मिळतात आणि कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर ऐकत आहे हे दाखवणारे एक पानही आहे. हे पान मला आज्ञांपेक्षा सोयीचे वाटते. मात्र खालची यूएफडब्ल्यूच सुरू होत नसेल, तर वरच्या आवरणातले बटण कितीही दाबले तरी कारण सापडत नाही. तेव्हा टर्मिनलमध्येच उतरून संदेश अखेरपर्यंत वाचावा लागतो.

फेडोरा या दुसऱ्या वितरणाने २०१३ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून स्वीकारलेली फायरवॉलडी मी तुलनेसाठी वापरून पाहिली. ती खरोखरच सतत चालणारी सेवा आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत ‘सिस्टमसीटीएल’चे उत्तर फसवत नाही आणि चालू असताना ‘रनिंग’ असेच दिसते. नेटवर्क बदलले की नियमही बदलावेत अशी गरज असणाऱ्यांना तिच्यातली झोनची, म्हणजे प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळ्या नियमसंचाची, कल्पना उपयोगी पडेल. तिची स्वतःची खोच अशी आहे की ‘पर्मनंट’ हा शब्द न जोडता दिलेला नियम लगेच लागू होतो आणि सेवा पुन्हा सुरू झाली की नाहीसा होतो. मला एका संगणकासाठी यूएफडब्ल्यूच पुरेशी वाटते. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत, कारण दोघीही एकाच कर्नेलमध्ये आपापल्या याद्या बसवतात आणि मग कोणता नियम कुणाचा हे शोधणे कठीण होते.

एक उणीव मात्र मला सर्वांत गंभीर वाटते, आणि ती फायरवॉल व्यवस्थित सुरू असतानाची आहे. सर्व्हरवर डॉकर हे कंटेनर चालवणारे साधन बसवून एखाद्या कंटेनरचे पोर्ट बाहेरच्यांसाठी खुले (‘पब्लिश’) केले, तर यूएफडब्ल्यूने ते अडवलेले असले तरी ते बाहेरून उघडे राहते. डॉकर आपले नियम ‘नॅट’ तक्त्यात स्वतः लिहितो, आणि यूएफडब्ल्यू जिथे आत येणारी पाकिटे तपासते त्या साखळीपर्यंत पोहोचण्याआधीच ती पाकिटे कंटेनरकडे वळवली जातात. ‘स्टेटस’च्या उत्तरात याचा मागमूसही दिसत नाही. मी दुसऱ्या संगणकावरून पोर्ट तपासले तेव्हा हे लक्षात आले. तेव्हापासून बाहेर न दाखवायचे प्रत्येक पोर्ट डॉकरमध्येच १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःपुरत्या पत्त्याला बांधून ठेवतो आणि बाहेरून एकदा तपासून पाहिल्याशिवाय सर्व्हरवर काही सोडत नाही.