सॅम्पल एक, माल दुसरा: कॅफेबाहेरच्या बोर्डात मी कशी फसले

आधीच सांगते, माझे पैसे घेऊन कुणी पळालं नाही. बोर्ड आले, वेळेवर आले, बिलही पक्कं मिळालं. म्हणूनच आपण फसलोय हे कळायला मला अडीच महिने लागले.

आमचा कॅफे जरा आतल्या बाजूला आहे, रस्त्यावरून दार दिसत नाही. फूटपाथवर बोर्ड हवाच होता. फोनवर चौकशी केली तर दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ सॅम्पल घेऊन हजर झाले. सॅम्पल खरोखर सुरेख होतं. ॲल्युमिनियमची जाड फ्रेम, पोस्टर बदलायला खटकन उघडणाऱ्या चार पट्ट्या, पुढे चकाकी न मारणारं पारदर्शक शीट, आत पाणी जाऊ नये म्हणून कडेने रबर. खाली वजनासाठी पाणी भरायची टाकी आणि तिच्यावर स्प्रिंगवर उभी असलेली फ्रेम. "ताई, वारा आला की हा मान डोलावतो, पडत नाही," असं म्हणत त्यांनी एक धक्का देऊन दाखवला. बोर्ड डोलला आणि जागेवर आला. मी भाळले. दोन बोर्ड सांगितले: एक हा, ए-1 पोस्टरचा, आणि एक खडूने लिहायचा लाकडी, तंबूसारखा उघडणारा.

बिलावर काय लिहिलं होतं? "आउटडोअर बोर्ड, 2 नग." बस्स. धातू कोणता, जाडी किती, लाकूड कसलं, यातलं एक अक्षर नाही. मी वाचलं आणि सही केली, कारण माझ्या डोळ्यांसमोर सॅम्पल होतं. सगळा घोळ इथेच आहे. मी सॅम्पल विकत घेत होते, ते गृहस्थ बिलावरचे शब्द विकत होते.

माल आला तेव्हा मी नव्हते. काउंटरवरच्या मुलाने गर्दीत उतरवून घेतला. रंग तोच, आकार तोच. फ्रेम हाताला किंचित हलकी वाटली, पण नवीन वस्तूवर शंका घ्यायला मन धजत नाही.

पहिली कुरकुर पोस्टरवरून झाली. दुसरीकडून ए-1 छापून आणलं तर बसेना. ए-1 म्हणजे 594 बाय 841 मिलिमीटर, यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. मोजलं तर बाहेरची फ्रेम बरोबर ए-1 होती. आत पोस्टर बसायची जागा 570 बाय 810. फोन केला तर उत्तर आलं, "आमच्याकडूनच छापून घ्या ना ताई, आमच्याकडे त्या साइजचंच मिळतं." तेव्हा मला ती गैरसोय वाटली. आता वाटतं, ती सोय होती, फक्त त्यांची.

त्यांच्याकडून छापून घेतलेलं पोस्टर उन्हात महिनाभरात निळं पडलं. स्वस्त शाईतला गुलाबी आणि पिवळा आधी उडतो, मागे निळा-काळा उरतो. खाण्याच्या पदार्थाचा फोटो निळसर झाला की कसा दिसतो ते सांगायला नको. मग पाऊस झाला. कडेचं रबर कोपऱ्यांत जोडलेलंच नव्हतं, पाणी आत शिरलं आणि कागद शीटला चिकटून बसला.

त्याच पावसानंतर पट्ट्यांच्या स्क्रूभोवती तांबूस डाग दिसले. ॲल्युमिनियमला असा गंज चढत नाही, चुंबकही चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यांमागचं चुंबक आणून फ्रेमला लावलं. टक्कन चिकटलं. वरून पावडर कोटिंग, म्हणजे भाजून बसवलेला पावडरचा रंग, केलेला साधा पातळ लोखंडी पत्रा होता. भोकं कोटिंगनंतर पाडलेली, त्यामुळे पत्र्याच्या उघड्या कडांना गंजाने आधी धरलं. ही परीक्षा माल उतरवून घेताना अर्ध्या मिनिटात झाली असती.

लाकडी बोर्डाची कथा छोटी आहे. तो लाकडी नव्हताच, एमडीएफ होता, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंक घालून दाबलेला. पाय खालून पाणी पीत गेले आणि फुगून जाड झाले. बाहेर ठेवायचं तर बाहेरच्या वापराचं प्लाय हवं आणि कापलेल्या कडा बंद केलेल्या हव्यात.

शेवटी वारा. वादळ वगैरे काही नव्हतं, नेहमीची झोडपणारी संध्याकाळ. बोर्ड आडवा झाला आणि घसरत थेट एका पादचारी बाईंच्या पायावर गेला. नशीब, खरचटण्यावर निभावलं. त्यांची माफी मागताना मला जे वाटलं ते पैशांच्या नुकसानीपेक्षा वाईट होतं. ए-1 म्हणजे अर्धा चौरस मीटर, वाऱ्याच्या दृष्टीने ते शीडच. आणि वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. टाकी उघडून पाहिली तर जोडातून ठिबकून निम्म्याहून जास्त रिकामी. काठोकाठ भरली तरी त्या टाकीत 12 लिटर मावत होते, म्हणजे 12 किलो. सॅम्पलची टाकी याच्या दुप्पट तरी होती, हे आता आठवतं. वाळू भरली असती तर वजन वाढलं असतं, पण वाळू जाईल एवढं तोंडच नव्हतं.

तक्रार केली. "वॉरंटीत ऊन, पाऊस, वारा येत नाही," असं त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं. मी विचारलं, मग आउटडोअर म्हणजे काय? ते म्हणाले, "बाहेर ठेवता येतो, ताई." यावर काय बोलणार!

जाता जाता अजून एक. फूटपाथवर बोर्ड ठेवायला परवानगी लागते का, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. "कुणी विचारत नाही," असं उत्तर मिळालं. अनेक शहरांत लागते, आणि व्हीलचेअर जाईल एवढी वाट मोकळी सोडावी लागते. बोर्ड विकणाऱ्याला हे विचारणं ही माझीच चूक.

नवा बोर्ड दुसरीकडून घेतला. या वेळी बिलावर धातू, पोस्टरचं आतलं माप, टाकीचे लिटर आणि "सॅम्पलप्रमाणे, फोटो सोबत" एवढं लिहून घेतलं. एका दुकानदाराने हे लिहून द्यायला नकार दिला, तिथून उठले. दुसऱ्याने कुरकुर करत दिलं. माल आला तेव्हा मी दारात चुंबक घेऊन उभी होते. टेम्पोवाला हसला. मी आधी चुंबक लावलं, मग टाकी भरून तासभर कोरड्या फरशीवर ठेवली, मग सही केली. तो तासभर थांबला, त्याच्या चकरा चुकल्या, त्याबद्दल मात्र मला वाईट वाटलं.