ऊस की मका? इथेनॉल कंपनीत पैसे घालताना

इथेनॉलच्या धंद्यात गुंतवणूक करायची म्हटलं की मुख्यतः दोन वाटा समोर येतात: स्वतःची डिस्टिलरी असलेला साखर कारखाना, नाहीतर मका-तांदळावर चालणारी धान्याची डिस्टिलरी. दोन्हीकडचे वार्षिक अहवाल वाचत आलोय. मी पैसे धान्याकडे लावले.

ऊस कमजोर आहे म्हणून नव्हे. इंधनाच्या बाबतीत तर तो सरसच. बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड, घरचं, त्यावर वाफ आणि वीज दोन्ही भागतात. धान्यवाल्यांना इंधन विकत घ्यावं लागतं. तांदळाचं तूस मिळालं तर उत्तम. पण कोळशावर शिजलेल्या इथेनॉलला हरित म्हणणं मला पटत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र मका उजवा.

सरकारी धोरणाची टांगती तलवार दोघांवरही आहे. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाने इथेनॉलसाठी तांदूळ देणं थांबवलं. त्याच वर्षी ७ डिसेंबरला उसाचा रस आणि पाक वापरण्यावर बंदी आली. आठवड्याभरात ती सैल झाली, पण १७ लाख टन साखर होईल एवढाच ऊस इथेनॉलकडे वळवायच्या मर्यादेत.

माझं गाडं अडलं ते मळीच्या भावावर. कारखान्याचा साखर विभाग डिस्टिलरी विभागाला मळी (साखर काढून उरणारा दाट पाक, इथेनॉलचा कच्चा माल) देतो आणि तिचा भाव कंपनीच धरते. भाव कमी धरला की डिस्टिलरीचा नफा फुगतो, साखर विभागाचा रोडावतो. जास्त धरला की उलट. कंपनीचा एकूण नफा तेवढाच राहतो, हे खरं. पण नवी डिस्टिलरी स्वतःचं कर्ज फेडेल का, हे मला बघायचं असतं, आणि नेमकं तेच कळत नाही. मी पाहत होतो त्या एका कंपनीने मधेच हा भाव धरण्याची पद्धत बदलली आणि आधीच्या वर्षाशी तुलनाच संपली. त्यात गाळप हंगामामुळे तिमाही आकडे वरखाली होतात ते वेगळंच.

मक्याचा हिशेब उघड्यावर असतो. टनाला साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे मका किलोमागे १ रुपयाने चढला की लिटरमागे अडीच रुपयांहून जास्त खर्च वाढतो. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मक्याच्या इथेनॉलचा भाव लिटरला ७१.८६ रुपयांवर गेला, पण तो ठरलेला. मक्याचा बाजार रोज हलतो. इथेनॉल काढून उरलेल्या धान्याच्या सुक्या चोथ्याचा, म्हणजे डीडीजीएसचा, पशुखाद्यातला भाव थोडा हात देतो. नफा बारीकच, कबूल. तरी तो आटायला लागला की निकालाआधीच बाजारभावावरून अंदाज येतो, आणि मला एवढं पुरतं. दहा वर्षं शेअरकडे बघायचंच नसेल तर कदाचित तुम्हाला ऊसच बरा वाटेल.

कुठल्याही बाजूला गेलात तरी कर्ज आधी बघा. २०२५-२६ साठी पेट्रोलमध्ये मिसळायला तेल कंपन्यांची मागणी सुमारे १,०५० कोटी लिटरची होती, इथेनॉलवाल्यांचे देकार आले १,७७६ कोटी लिटरचे. त्यामुळे कर्ज काढून नुकतीच क्षमता दुप्पट केलेली कंपनी, मक्याची असली तरी, मी सध्या घेत नाही.